घड्याळजींनी नेलेला लंबक

मी, गल्लीत 'टाइपवाल्या बाई' म्हणून ओळखली जाणारी, वय ६२, अविवाहित, धंदा एकतीस वर्षे कोर्टात टंकलेखन, आता निवृत्त, राहणार छापखान्यामागची दुमजली इमारत, वरचा मजला, समक्ष हजर राहून सांगते ते असे:

खालच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ व भावजय राहतात. आज दुपारी सव्वाबारा वाजता भावाने या ठाण्यात तक्रार दिली की, कोपऱ्यावरच्या दुकानातील घड्याळजी, वय ६५, विधुर, यांनी माझ्या खोलीतील भिंतीवरच्या घड्याळाचा पितळी लंबक चोरून नेला. घड्याळजी सध्या दाराजवळच्या बाकावर बसवून ठेवलेले आहेत. गुन्हा दाखल झाला तर चाळीस वर्षांच्या त्यांच्या दुकानात उद्यापासून कोणी मनगटी घड्याळसुद्धा दुरुस्तीला टाकणार नाही. म्हणून मी होते तशी निघून आले. माझ्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत. त्या बाबीचा या जबाबाशी संबंध नाही.

तक्रारीत अंमलदारांनी लिहिले आहे, "फिर्यादीच्या ताब्यातील जंगम मालमत्ता संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने हलवली." हे वाक्य मी नोकरीत हजारो वेळा टाइप केले आहे. त्यातला एकही शब्द शोभेचा नसतो. एक जरी गळला तरी चोरी उभी राहत नाही. म्हणून एकेक शब्द घ्यावा, असे मी सांगितले. अंमलदार म्हणाले, "बाई, जेवायची वेळ झालीय." मी म्हटले, "मग भरभर लिहा."

लंबक जंगम आहे, हे मान्य. तो हलवला, हेही मान्य. ताबा मात्र भावाचा नाही. ते घड्याळ मला निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी दिले. भावाला चावी कुठे भरतात तेसुद्धा ठाऊक नाही.

संमतीबद्दल: आज सकाळी अकरा वाजता घड्याळजी न बोलावता आले. म्हणाले, "तीन आठवडे निरोप नाही. घड्याळ बरं आहे ना?" मी म्हटले, "उत्तम चाललंय." त्यांनी बराच वेळ कान लावून ऐकले. म्हणाले, "फारच उत्तम चाललंय. लक्षण ठीक नाही." मग स्टुलावर चढून त्यांनी चालते घड्याळ थांबवले व लंबक काढून रुमालात बांधला. "हा बसवायला आता यावंच लागेल," असे ते भिंतीकडे बघत म्हणाले. तेवढा सर्व वेळ स्टूल मी दोन्ही हातांनी धरले होते. जिची संमती नसते ती बाई स्टूल धरत नाही.

जिन्यात भावाने त्यांना "काय नेताय?" असे विचारले. ते कानापर्यंत लाल झाले व "काही नाही" म्हणाले. सरळ माणसाला खोटे बोलता येत नाही, त्यामुळे ते चोरासारखे दिसले. भावाने वर डोकावून घड्याळात लंबक नसल्याचे पाहिले व मला न विचारता हे ठाणे गाठले.

राहिला लबाडीचा इरादा. झडतीत घड्याळजींच्या खिशातून लंबकाशिवाय कागदाच्या नऊ घड्या निघाल्या. अंमलदारांनी एक उलगडली तर तिच्यावर टाइप केलेले होते, "लबाडीच्या इराद्याने." हे काय, असे त्यांनी विचारले. भाऊ म्हणाला, "ताई, तू काही बोलू नकोस." मी म्हटले, "एकतीस वर्षं मी गप्प बसून दुसऱ्यांचं टाइप केलं. आज माझं लिहू दे."

तरी सांगते की, टांगलेले घड्याळ किंचित तिरके झाले की बंद पडते. गेल्या आठ महिन्यांत माझे घड्याळ नऊ वेळा बंद पडले. नऊही वेळा त्याच्या खालच्या कोपऱ्यामागे कागदाची घडी मी खोचली. कागद माझ्याकडच्या बिघडलेल्या जुन्या प्रतींचे होते. दरवेळी घड्याळजी आले, तासभर ते उघडून बसले, चहा प्याले व "जुनं यंत्र आहे, कुरकुरणारच" असे म्हणून गेले. घडी सापडल्याचे ते एकदाही बोलले नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी भावजय म्हणाली, "ताई, घड्याळ आजारी आहे की तुम्ही?" त्या दिवसापासून मी घडी खोचणे बंद केले. घड्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत, हे मला आज या टेबलावर कळले.

सबब लबाडीचा इरादा होता, परंतु तो माझा होता. घड्याळजींविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. लंबक त्यांच्याच ताब्यात द्यावा व तो त्यांनी आज चार वाजता स्वतः आणून बसवावा. स्टूल मी धरेन. भाऊ डोक्याला हात लावून बसला आहे व त्याच्यासोबत आलेली भावजय पदराआड हसते आहे. तेही लिहावे.

हा जबाब मी सांगितला तसाच उतरवला असून अंमलदारांनी तो मला वाचून दाखवला. बाक लांब असल्याने मोठ्याने वाचावा, असे मी सुचवले. शेवटच्या परिच्छेदाशी घड्याळजी उभे राहिले व आपल्याला नीट ऐकू आले नाही, तरी पुन्हा वाचावा, अशी त्यांनी विनंती केली. त्यांचे कान उत्तम आहेत. जबाब पुन्हा वाचण्यात आला. मजकूर दोन्ही वेळा बरोबर आहे.

सही