राखेतलं पाऊल

…जिवंत आहे म्हणतोस? बरं. मग उभा का, बस की. खेचरं बांध त्या कुंपणाला. चिचा घे, मक्याचीच दारू आहे — कालची, जरा आंबट लागेल. हो हो, मीच मेल्चोरा, सिप्रियानोची आई. किनाऱ्यावर आगगाडीचा रस्ता खणतोय, पाय मोडला होता, आता बराय, बटाटे काढायच्या आधी घरी येतो म्हणाला — ऐकलं रे. दोनदा कशाला सांगतोस, बहिरी नाही मी.

घरची खबर विचारलीय? सांगते की. करड्या मेंढीला जुळं झालं — त्यातलं एक कोल्ह्यानं नेलं. बटाट्याला पाला बरा आलाय. त्याची पोर, मार्सेला, आता मेंढ्या राखते, आणि जीभ तर अशी चालते की पाद्रीबाबालाही गप्प करील. छप्पर नवं शाकारलं. कुणी म्हणजे? इलारियोनं. इलारियो कोण — तोमासाचा नवरा. माझ्या सुनेचा. असा बघू नकोस, पाद्रीबाबानं लावलंय लग्न, चोरून नाही काही.

अरे, वरच्या वाडीचा माणूस परतला ना तिकडून — म्हणाला, दरड कोसळली, सगळे गाडले गेले. तरी आम्ही वाट पाहिली. दोन पिकं निघाली — ना निरोप, ना माणूस. मग केलं सगळं, रीतीनं केलं. त्याचे कपडे नदीवर नेले, धुतले, काठावर जाळले. तो लाल पोंचो — मीच विणलेला — लवकर जळेना, लोकर ओली ना. रात्री दारात राख पसरली. मेलेलं माणूस त्या रात्री शेवटचं येऊन जातं, तुमच्याकडेही करतात की. सकाळी बघते तर राखेत पाऊल. डाव्या पायाची करंगळी वर चढलेली — लहानपणी बैलानं तुडवली होती. आईला लेकाचं पाऊल ओळखू येणार नाही होय? तोमासा म्हणत होती, आई, कुत्र्याचं असेल, अजून थांबू या. थांबायला तयार होती रे ती. मीच म्हटलं — नाही, तोच. आला आणि गेला. तू सुटलीस.

मग आता तूच सांग — तो जिवंत, तर ते पाऊल कुणाचं? बोल की.

मला आनंद व्हायला हवा ना? होत नाही. रडूही येत नाही — रडायचं ते नदीवर रडून झालं, उरलंच नाही काही. दर वर्षी मेलेल्यांच्या सणाला त्याच्या नावानं पाव भाजते, वाढून ठेवते, बोलते त्याच्याशी. लग्नाचंही सांगितलं होतं. काही बोलला नाही.

तोमासाला आठवा लागलाय. पोर इलारियोला बाबा म्हणते. आणि हा आला तर — दोन पुरुष, एक चूल — सुरे निघतील, दुसरं काय? त्याला सांग… मेंढीला जुळं झालं, सांग. नको. आई मेली म्हणून सांग. पण तरी येईलच रे, बायकोसाठी येईल, पोरीसाठी येईल. मग असं सांग — देवीची साथ आली, सगळी गेली. घराला दारसुद्धा राहिलं नाही. खालच्या गावात साथ आलीच होती, पटेल त्याला. हो, हेच सांग. फक्त पोरीचं सांगताना — जरा हळू सांग.

तोंड मीट. ती आली.

काही नाही गं तोमासा, खेचरवाला आहे, वाट चुकलाय. तू आधी ती मोळी खाली टाक, या दिवसांत कशाला उचलतेस? नाही गं, कुणाचा निरोप नाही. निघालाच तो. ऊठ बाबा. राहिली चिचा तर राहू दे.