मांडवात हरवलेले दात

दात वाकडे असलेले परवडले बाई, पण ते हरवले असं माईकवरून कुणी सांगायला नको!

माझ्या दातांच्या तारा नुकत्याच निघाल्या होत्या. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून डॉक्टरांनी काढता-घालता येणारी प्लेट दिली होती. जेवताना ती काढून डबीतच ठेवायची, असं बजावलंही होतं. पण मामेबहिणीच्या लग्नाला पिंपरी पेंढारला डबी कोण नेतंय? पंगतीत बसले आणि प्लेट पत्रावळीखाली सरकवली. हात धुऊन येते तोवर वाढप्यांनी पत्रावळ्या गोळा करून उकिरड्यावर टाकलेल्या.

मी रडायला लागले तसा मामा थेट माईककडं धावला. पाहुण्यांचं स्वागत मध्येच थांबवून म्हणाला, "मंडळी, आमच्या भाचीचं दात हरवल्यात! पत्रावळ्या उचलणारांनी जरा बघावं!"

अख्खा मांडव माझ्याकडं वळला. आईनं कपाळावर हात मारला, "आता हिला कोण करून घेणार?"

प्लेट सापडली, बुंदीत माखलेली. पण बातमी गावोगाव गेली होती.

पुढं निरगुडसरचं स्थळ बघायला आलं. मुलाच्या आईनं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. पिशवीतून उसाचं कांडं काढून माझ्या हातात दिलं.

"आमच्या रानातला हाय, लई गोड. दातानं सोल बरं, पोरी."

मी सरासरा सोलला. चोथा थुंकायच्या आत त्या आपल्या नवऱ्याकडं वळल्या.

"तारीख काढा. समदे तिचेच हायेत."