गुंठ्याला दोन पिंपे

हा प्रसंग मी गेल्या जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, सफाळे स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, खुद्द हरीकाकांकडून ऐकला. एडवणच्या त्यांच्या पानवेलींना गोबरगॅसची स्लरी किती द्यावी, याचा हिशोब मीच करून दिला होता: गुंठ्याला दोन पिंपे, तेवढेच पाणी मिसळून. त्यानंतर आठवड्याभरात साऱ्या वेली मुळापासून काळ्या पडल्या.

“तुमचा आकडा चुकला काय, मास्तर?” काकांनी शांतपणे विचारले.

“स्लरी नीट कुजलेली होती?”

“पुरती.”

“पाणी?”

“तुमी लिवलं तेवढंच.”

“आणि पिंप कुठले?”

“बोईसरच्या केमिकल कारखान्यांच्या भंगारातलं. तीनदा धुतलं, पन वास काय जाईना. म्हटलं, शेन भरल्यावर कोनाला कळतोय!”

मी दशांशापर्यंत आकडेमोड केली होती. पिंप कुठून आणणार, एवढे मात्र विचारले नव्हते.

“तितं परत वेल लागंल ना?”

पिंपावर काय लिहिले होते, ते मी विचारले.

त्या पिंपात पूर्वी काय होते, याची खातरजमा मी कधीच करू शकलो नाही. पिंप स्वच्छ दिसावे म्हणून काकांनी त्यावरचे लेबल आधीच खरवडून काढले होते.