सीताफळ या नावानं परिचित

मी, आयान्थी मोडेस्ट, टोपणनाव सीताफळ, वय सत्तावन्न, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार नदीकाठची गल्ली, ग्वाव, बेट ग्रेनाडा, आज ग्वाव पोलीस ठाण्यात कुणी न बोलावता समक्ष हजर राहून सांगते ते असं :

सर्वांत आधी, मी जिवंत आहे. हे लिहून घ्यावं, कारण आज सकाळी पाववाल्यानं माझ्या दारात पाव ठेवला नाही आणि हाक मारल्यावर लांबूनच टोपी काढली.

गेल्या आठवड्यापासून आमच्या गावात 'थडग्याचा शब्द' या टीव्ही मालिकेच्या एका भागाचं चित्रण चालू आहे. या मालिकेत दर भागात एक खून होतो, मेलेला माणूस जंबी होऊन, म्हणजे भूत होऊन उठतो आणि इन्स्पेक्टरला खुन्याचं नाव सांगतो. मालिका मी बघते. जबाब लिहून घेणारे कॉर्पोरल अलेन हेही बघतात. ते म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा, पुढं लागेल.

दिग्दर्शक मिस्टर गार्विन लेझामा, राहणार त्रिनिदाद, यांनी समुद्राजवळचं जायफळाचं रिकामं गोदाम घेऊन आत एका घराची पुढची खोली उभी केली. मयत बाईचा पांढरा झगा मी शिवला. मयताच्या कामासाठी राजधानीहून एक नटी आली होती. मरायला ती तयार होती, पण शवपेटी बघितल्यावर आडवी व्हायला तयार होईना. गावातली दुसरी कुणी बाईही होईना. जिवंतपणी पेटीत झोपलं की पेटी माणसाला ओळखून ठेवते, असं आमच्याकडे मानतात. झगा माझ्या मापाला बसत होता. मी म्हटलं, अर्ध्या गावाचे शेवटचे कपडे मीच शिवलेत, पेटी मला आधीच ओळखते. मिस्टर लेझामांनी बजावलं की ते 'कट' म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत आणि हलायचं नाही. मी शब्द दिला.

काल दुपारी रेडिओवरच्या निधनवार्तेचा प्रसंग होता आणि त्याला जोडूनच पेटीचा, म्हणून मी गोदामात आधीच आडवी झाले होते. आमच्या बेटावर निधनवार्ता लागली की जेवणारा घास हातातच धरतो आणि न्हावी वस्तरा गालापासून लांब नेतो. ती वाचणारे मिस्टर कथबर्ट यांनाच कामाला आणलं होतं. गोदामासमोरच्या रमच्या दुकानावर मोठा कर्णा बांधून त्यातून त्यांचा आवाज सोडायचा, आणि खाली चार माणसं टोप्या काढून उभी, असं दृश्य होतं. लिहून आणलेलं नाव होतं मारी आंत्वानेत सेंट क्लेअर. असल्या नावाचं इथं कुणी जन्मलंच नाही, तर मरणार कुठून.

मिस्टर कथबर्ट नंतर मला म्हणाले की त्यांनी तेवढंच वाचायचं ठरवलं होतं. पण आमच्याकडे खरं नाव बाप्तिस्म्यानंतर कुणी वापरत नाही, म्हणून प्रत्येक निधनवार्तेत 'अमुक या नावानं परिचित' हे यावंच लागतं, नाहीतर कोण गेलं ते घरच्यांनाही कळायचं नाही. उभा जन्म तेच म्हणत आल्यामुळे त्यांची जीभ थांबेना. समोरच्या उघड्या दारातून त्यांना पेटीत मी दिसले आणि ते बोलून गेले, "सीताफळ या नावानं परिचित." कर्ण्याचं तोंड गावाकडे होतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

थोड्याच वेळात गाव आलं. माझे डोळे मिटलेले असल्यामुळे कोण कोण आलं ते आवाजावरून आणि वासावरून सांगते. आमच्याकडे मयतापाशी खाणंपिणं, पत्ते आणि गाणी होतात, तसंच झालं : आधी बाकं सरकली, मग कॉफी आली, मग नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस. पत्ते पिसल्याचा आवाज आला, म्हणजे पुरुष मंडळी मागं बसली होती. चर्चमधली गाणी सुरू झाली, त्यात सर्वांत वरचा सूर कॉर्पोरल अलेन यांचा होता. मिस्टर लेझामांना वाटलं, ही आपल्याच माणसांनी गोळा केलेली गर्दी आहे. काय झकास रडतायत, कॅमेरा थांबवू नका, असं ते कुजबुजत होते. 'कट' कुणी म्हटलं नाही. सबब मी पडून राहिले.

शेजारीण अर्सुलीन हिनं वाकून बघितलं आणि म्हणाली की दिसतेय मात्र छान, जिवंतपणी एवढी पावडर कधी लावली नाही मेलीनं. मग रडायला लागली आणि म्हणाली की हिचं लोखंडी पातेलं नाताळापासून आपल्याकडे राहिलंय, आता ते द्यायचं कुणाला. हे पातेलं चोरीला गेल्याची तक्रार मी याच ठाण्यात दिली होती. ती निकाली काढावी. पातेलं काल संध्याकाळी घरी पोचलं, आतून घासून.

कॉर्पोरल अलेन यांचा हुंदकाही मी ऐकला. ते माझे धर्मपुत्र आहेत. घरी ते मला नेनेन म्हणतात, ठाण्यात बाई म्हणतात. त्यांचं म्हणणं आहे की त्यांना सर्दी झाली होती. तसं लिहावं.

त्यानंतर सदर इसम सेप्टिमस नोएल आला. 'सदर इसम' हे शब्द कॉर्पोरलांचे आहेत, माझे नाहीत. सेप्टिमस मासेमारी करतो. मला आठवतं तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ताटलीखाली झाकलेला मासा असतो. ठेवणारा दिसत नाही, पण रबरी बुटांचा आवाज ओळखू येतो. मासा नेहमी साफ केलेला असतो. मी ताटली धुऊन खिडकीत परत ठेवते, कधी वर नारळाची वडी ठेवते. याबद्दल आम्ही दोघं कधी काही बोललो नाही.

तो पेटीपाशी येऊन उभा राहिला. बुटांतून पाणी गळत होतं, म्हणजे होडीतून थेट आला होता. तो जे बोलला ते शब्दाला शब्द असं : "सीताफळ, मी विचारणारच होतो गं. आधी होडी रंगवून घेऊ म्हटलं. मग तुझी आई आजारी पडली, तेव्हा बरं दिसलं नसतं. मग वाटलं, घाई कसली, ही कुठं जातेय." मग म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील का, एवढंच विचारायचं होतं. घे, विचारलं."

मी हलले नाही, शब्द दिला होता. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते पावडरीमुळे असं लिहिलं तरी चालेल.

तेवढ्यात मिस्टर लेझामा पुढं आले आणि सेप्टिमसला म्हणाले की फार सुंदर, आता हेच पुन्हा करा, फक्त तोंड उजेडाकडे आणि दुसरा अश्रू जरा सावकाश. यावर सेप्टिमसनं त्यांना कमरेला धरून उचललं, शेजारच्या जादा पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि वर बसला. मिस्टर लेझामांनी दिलेल्या तक्रारीत 'फेकलं' असा शब्द आहे. मी त्या वेळी एक डोळा किंचित उघडला होता. ठेवलं. पेटी नाटकाची असल्यामुळे कडेला हवेसाठी भोकं आहेत. मिस्टर लेझामा आतून 'कॅमेरा चालू ठेवा' असं ओरडत होते. ज्याचा जीव गुदमरतो तो असं ओरडत नाही, असं माझं म्हणणं आहे. पुढं त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा ते एकदाचे 'कट' म्हणाले.

'कट' म्हटल्याबरोबर मी उठून बसले.

गोदामाला एक दार आणि एक खिडकी आहे. अर्सुलीन नीरफणसाच्या हंड्यासकट दारातून गेली. बाकीचे तिच्यावरून गेले. कॉर्पोरल अलेन खिडकीतून गेले. त्यांचा पाय मुरगळला तो तिथं. ठाण्याच्या नोंदीत 'आरोपीचा पाठलाग करताना' असं लिहिलं आहे. पाठलाग आरोपीच्या उलट दिशेला झाला. मालिका बघतात हे मी वर लिहायला लावलं ते यासाठी.

सेप्टिमस हलला नाही. झाकणावर बसून माझ्याकडे बघत राहिला. सगळं गाव पळालं आणि हा एकटा बसलेला. मग हळूच म्हणाला, "जंबी असलीस तरी चालेल. चल घरी."

मी बोलायला तोंड उघडते तोच कॉर्पोरल दारातून लंगडत आले आणि डांबून ठेवल्याच्या आरोपावरून सेप्टिमसला घेऊन गेले. तो कालपासून या ठाण्याच्या कोठडीत आहे आणि माझं उत्तर राहून गेलं आहे. मी इथं आले ती मुख्यतः यासाठी. मला इतका आनंद झाला आहे की काय करावं ते सुचेना, म्हणून आज उजाडताच मशीनवर बसले आणि त्या पांढऱ्या झग्याच्या बाह्या आखूड करून गळ्याला लेस लावली. कापड माझंच होतं.

मिस्टर लेझामा सकाळी माझ्या घरी आले होते. असा प्रसंग आपल्या मालिकेत आजवर झाला नाही, तो भागात घ्यायचाच आहे, तुम्ही फक्त हो म्हणा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ज्याला कोठडीत बसवलंत त्याचंच रडणं टीव्हीवर दाखवणार, लाज नाही वाटत? तक्रार मागं घ्या, मग खुशाल दाखवा. ते या क्षणी बाहेर बाकावर बसले आहेत आणि तक्रार मागं घ्यायला तयार आहेत. तरी सेप्टिमसला सोडावं.

त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : हो. मासा शुक्रवारीच आणावा, पण यापुढं खिडकीतून नाही, दारातून. बूट बाहेर काढावेत.

हा जबाब कॉर्पोरलांनी मला वाचून दाखवला. ते तोंडातल्या तोंडात वाचत होते, म्हणून मी तो कोठडीकडे तोंड करून पुन्हा खणखणीत वाचायला लावला. मी सांगितलं तसाच तो उतरला आहे. फक्त पहिल्या ओळीतला 'अविवाहित' हा शब्द पेन्सिलीनं लिहावा.

सही : आयान्थी मोडेस्ट (सीताफळ)

माझ्या समक्ष. कोठडीतून विनंती आल्यावरून जबाब तिसऱ्यांदा वाचला.
ऑ. अलेन, कॉर्पोरल