गेनबा पितो का?

…दाखवतो की घर, पळून जातंय व्हय? आधी बसा, पाव्हणं, ह्या बाकावर. काळेवाडीहून आलात म्हणालात, मुलाचे मामा, हर्षालीच्या स्थळासाठी — मग नुसतं घर बगून कसं चालंल? तिचा बाप कसा हाय ते इचारायला नको? चौकशी करायचीच असती, त्यात लाजायचं काय! आन् गेनबाला माझ्याइतकं जवळनं बगितलेला माणूस उभ्या गावात मिळायचा न्हाई. इचारा, पितो का. तुमी बोलला न्हाई, पण पोटात तेच हाय तुमच्या. चाकणच्या स्टँडवर कुणीतरी कानात घातलंच असंल — गेनबा संध्याकाळचा डुलत येतो, भिंतीला हात लावत लावत. येतो. व्हय, डुलतच येतो. परवा पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकायला उठला आन् अक्षतांसकट नवरीच्या आत्याच्या अंगावर गेला. बँडवाल्यानं ढोल सोडून त्याला धरला म्हणून बरं, न्हाईतर त्या दिवशी लग्न राह्यलं बाजूला, गेनबाचीच वरात निघाली असती.

पण पितो म्हणाल तर — कंपनीच्या गेटवर ती फुंकायची मशीन असती बगा, तिच्यात फुंकून फुंकून गाल दुखले त्याचे, दर वेळी शून्य. शेवटी वॉचमननं स्वतः फुंकून बगितलं, मशीन मेली का काय म्हणून! आन् गावातले घेणारे? ते त्याला बाजूला घेऊन हळूच इचारतात — आप्पा, कुठनं आणता, वास कसा येत न्हाई? आता वास कुठनं येणार, नसांची गोळी हाय ती! साखरेनं पायाच्या नसा खाल्ल्या, तळव्यांखाली सारखा इस्तव, चादर नुसती लागली तरी बोंब. गोळी घेतली की आग निवते — सगळी न्हाई, चार माणसांत बसण्याइतकी. पण मग डोकं गरगरतं, तोंडाला कोरड, पाय सुजून टम्म, आन् वजन तर इचारू नका. डॉक्टर म्हणतो वजन उतरवा, त्याचीच गोळी म्हणती चढवा — त्या दोघांचं काय जमत न्हाई आन् मधल्यामधी विजारीचं बटण तुटतंय. शब्दबी ऐन वेळी दगा देतात. सरपंचांना सांगायला गेलो, शाळेच्या दाराला ते लावा — ते आपलं, हे — चावी असती बगा त्याची — व्हय, कुलूप! बरं झालं सुचवलंत. आत्ताबी गेलंच होतं.

असं काय बगताय? हां… ‘सांगायला गेलो’ म्हणालो व्हय मी. आता लपवून काय उपयोग, मीच गेनबा. तुमी येणार हे पोरगी बोलली होती, म्हणून तर सकाळपासनं इथं टपून बसलोय.

मग गावाला खरं का न्हाई सांगितलं, म्हणताय? कंपनीत सांगितलं होतं की! तिथं फोर्कलिफ्ट चालवायचो, माझ्या हाताखालनं कधी येक खोकं पडलं न्हाई. गोळीचं सांगितलं आन् दुसऱ्या दिवशी खाली उतरवला, आता गेटवर गाड्यांचे नंबर टिपतो. त्यांचंबी बरोबर हाय म्हणा, मी तरी मला कुठं चालवू दिली असती. पण तेव्हाच शहाणा झालो. पिणाऱ्याला लोक हसतात, पाव्हणं, पण त्याची पोरगी करून घेतात. आजारी बापाची पोरगी म्हटलं की लगेच — बापाच्या नसा गेल्या, उद्या हिच्याबी जातील. म्हणून येकानं इचारलं, आप्पा, थोडी घेता व्हय? — तर मी म्हणालो, घेतो कधीमधी. किती सोपं गेलं! फक्त गळ्यातली माळ काढावी लागली. बापानं देहूला नेऊन घातलेली. माळ घालून असलं खोटं बोलवंना, म्हणून देव्हाऱ्यात ठेवली. लाज वाटली मला, लई लाज वाटली. पण पोरीपुढं माळेचं काय घेऊन बसता. तुमच्यापुढं मात्र ते खोटं जिभेवर येईना, तुमी तिच्या सासरचे होणार.

आन् आज तर गोळीच घेतली न्हाई. तुमच्यापुढं सरळ चालून दाखवायचं होतं! आता चपलेत पाय घालवत न्हाई, चालतो कसला.

ही आली बगा हर्षाली, कंपनीची बस लवकर सुटली वाटतं. अगं, हे पाव्हणे, मुलाचे — हातात काय ते? गोळी? तुला कुणी सांगितलं मी — आईनं? ठेव ती, पाव्हण्यांसमोर नको… काय? कधी? पहिल्याच भेटीत सांगितलंस मुलाला? साखर, नसा, गोळी, डुलणं, सगळं? आन् ह्यांनाबी ठाऊक हाय? — अवो पाव्हणं! मग मघापासनं मान हलवत काय बसलात? मी आपली घरातली सगळी भांडी रस्त्यावर मांडतोय, आन् तुमी येका शब्दानं थांबवलं न्हाई!

दे गं, पाणी दे.

हां. गेली खाली. आता बोलणं पुरे, थोड्या वेळानं जीभ जड होईल, त्याच्या आत घर गाठू. हर्षाली, तू पुढं हो, चहाचं सांग आईला. पाव्हणं, जरा हात द्या. — न्हाई, तिकडनं नको, ह्या बाजूनं धरा. मी इकडंच कलतो.