माशाच्या दगडाची दुसरी फाक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संचालक बाई, व्यासपीठावरचे पाहुणे, संग्रहालयातले माझे सर्व सहकारी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ताई आणि त्यांच्या घरची मंडळी, आणि ज्यांना मी दहा मिनिटांत आटपायचा शब्द दिला आहे ते दाराशी उभे असलेले पहारेकरी काका, सगळ्यांना नमस्कार.

मी या संग्रहालयाचा नोंदणी-अधिकारी. आलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा, पेटीवर चिठ्ठी चिकटवायची आणि काचेच्या कपाटातलं कार्ड लिहायचं, एवढंच माझं काम. बोलणं हा माझा प्रांत नव्हे. चोवीस वर्षांत मी लिहिलेलं सर्वांत लांब वाक्य सतरा शब्दांचं होतं, आणि तेही ताईंनी पेन्सिलीने अकरावर आणलं.

तरीही आज मी स्वतःहून नाव दिलं. का? आपल्या हातात जे छापील पत्रक आहे, त्याचा तिसरा परिच्छेद बघावा. 'एका दुर्दैवी चुकीचा अपवाद सोडल्यास ताईंची तेहतीस वर्षांची सेवा निर्दोष होती.' हे वाक्य खोटं आहे. ते दुरुस्त करायला मी उभा आहे. पण त्यासाठी आधी जीवाश्मांबद्दल थोडं बोलावं लागेल, नाहीतर चूक काय होती तेच कळणार नाही. पाहुण्यांनी कंटाळा मानू नये.

शाळेची सहल तळघरातल्या कार्यशाळेत आली की तिथल्या प्रमुख, म्हणजे ताई, विचारायच्या, "मेल्यावर दगड कुणाला व्हायचंय?" निम्मे हात वर जायचे. "बरं, पण होणार कुणीच नाही. एवढं सोपं असतं तर बाहेर चालायला जागा उरली नसती, बाळांनो."

खरंच आहे ते. मेलेल्या प्राण्याला कुणीतरी खातं, उरलेलं कुजतं, हाडांचा उन्हात भुगा होतो. दगड व्हायचं असेल तर लगेच गाडलं जावं लागतं. तळ्याच्या किंवा समुद्राच्या तळाशी, बारीक गाळात, हवा पोचणार नाही असं. वर थरावर थर चढतात, खालचे दाबले जाऊन कडक होतात. पाणी हाडाच्या छिद्रांतून झिरपतं आणि आपल्यातलं खनिज तिथे ठेवून जातं. याला लाखो वर्षं लागतात. "घाई चालत नाही," असं म्हणताना ताईंची नजर माझ्याकडे वळायची. तो टोमणा होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मग त्या खण उघडायच्या. वरच्यात हाडं आणि दात. त्याखाली लाकूड, वर्षांची वर्तुळं जशीच्या तशी, पण उचलायला गेलं की हात खाली येतो, कारण त्यात लाकूड उरलेलंच नसतं, सगळा दगड. पुढच्यात शंख-शिंपले. खरा शंख विरघळून गेला की दगडात त्याची पोकळी उरते, तो साचा. पोकळीत पुन्हा गाळ भरून घट्ट झाला की हुबेहूब दुसरा शंख तयार. मग झाडाच्या राळेत अडकलेला डास, सहाही पाय शाबूत. मग नुसत्या खुणा: पावलं, बिळं, आणि दगड झालेली विष्ठा. ही शेवटची वस्तू ताई आधी हातात देत आणि काय आहे ते नंतर सांगत. संचालक बाई, आपण रुजू झालात त्या दिवशी आपल्यालाही दिली होती. आपण वाससुद्धा घेतला होता. असो.

सगळ्यांत खालच्या खणात ठसे. पानाचा, पिसाचा, माशाच्या पोटाचा. यात शरीर उरत नाही, फक्त उमटलेला आकार. फार तर काळसर पापुद्रा. हा प्रकार सर्वांत नाजूक, कारण तो चटकन दिसत नाही. वरून उजेड पडला तर कोरा दगड. दिवा बाजूने तिरका धरला तर मासा.

आता ती दुर्दैवी चूक.

मला नोकरी लागून चार महिने झाले होते. सहा महिन्यांनी ठरणार होतं, कायम करायचं की घरी पाठवायचं. एका सकाळी खाणीतून एक दगड आला. असा दगड फोडला की वहीसारखा उघडतो. एका फाकेत माशाची हाडं, समोरच्या फाकेत त्याच माशाचा ठसा. दोन फाका दोन पेट्यांतून आल्या. ताई दुपारीच घरी गेल्या, मुलीला ताप होता. पहिली पेटी मी नीट नोंदवली. दुसरीतली फाक छताच्या ट्यूबलाइटखाली धरली, उलटसुलट केली आणि चिठ्ठी लिहिली, 'रिकामा. सरावाला द्यावा.' तिरका दिवा हातभर अंतरावर होता. मी तो लावला नाही. जेवायची वेळ झाली होती.

शिकाऊ मंडळींनी चिठ्ठी वाचली आणि खरवडायचा सराव म्हणून पुढचे दोन दिवस त्या दगडावर सुया चालवल्या. त्यांचा काय दोष? तिसऱ्या दिवशी ताई आल्या आणि त्यांनी दिवा तिरका केला. माशाची शेपटी तेवढी उरली होती.

तेव्हाचे संचालक खाली आले. "हा दगड सरावाला कुणी दिला?" मी दाराशी उभा होतो. पेटीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती. म्हणजे सकाळपर्यंत होती. आता तिथे डिंकाचा डाग होता, आणि ताईंची एक मूठ मिटलेली. ताई म्हणाल्या, "निघताना मीच सांगून गेले, साहेब. माझी चूक." मी तोंडातून ब्र काढला नाही.

नंतर जिन्यात मी म्हणालो, "ताई, तुम्ही कशाला..."

"गप बस. तुझे दोन महिने राहिलेत. तुला घरी पाठवतील, मला फार तर शंखांकडे. शंख काय वाईट असतात?"

त्यांना शंखांकडेच पाठवलं. नऊ वर्षं. हाडांवर इतका हलका चालणारा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि तो हात नऊ वर्षं शिंपले घासत होता. मी दोन महिन्यांनी कायम झालो.

इथवर फार तर भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं त्याहून वाईट आहे. मासा कपाटात ठेवला, शेजारी ती शेपटी. कार्ड अर्थातच मी लिहिलं. 'दुसरी फाक कार्यशाळेच्या चुकीने खराब झाली.' माझं प्रत्येक कार्ड ताईंकडे जातं आणि पेन्सिलीने रंगून परत येतं. या एका कार्डावर एकही खूण नव्हती.

पुढच्या वर्षी सहलीत ताईंची मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची असेल. तिने कार्ड मोठ्यांदा वाचलं आणि विचारलं, "आई, कार्यशाळा म्हणजे तूच ना? तू मासा मोडलास?" वर्गातली मुलं हसली. ताई म्हणाल्या, "हो गं. चल, पुढे डास आहे." मी शेजारच्या कपाटाची काच पुसत होतो. काच पुसणं माझं काम नव्हे.

ती मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाई, तुमच्या आईने मासा मोडला नाही. मी मोडला.

चोवीस वर्षं का थांबलो, असं आपण विचाराल. भीती तर दोन महिन्यांत संपली होती. पुढे नुसती लाज होती, आणि ती भीतीपेक्षा चिवट निघाली. हे पत्रक तपासायला माझ्याकडेच आलं होतं. ते वाक्य मी गुपचूप खोडू शकलो असतो, पण मग कुणाला काही कळलंच नसतं. म्हणून ते मुद्दाम राहू दिलं. गाळात गाडलेल्या गोष्टींची उपमा इथे देता येईल. देत नाही, ताईंनी ती खोडली असती.

आज सकाळी मी कपाट उघडून जुनं कार्ड काढलं. संचालक बाई, आपली परवानगी घेतली नव्हती, ती आता मागतो. नवीन कार्ड असं आहे: 'दुसरी फाक नोंदणी-अधिकाऱ्याने न तपासता सरावाला दिल्यामुळे खराब झाली. उरलेली शेपटी कार्यशाळेच्या प्रमुखांनी वाचवली.'

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, पहारेकरी काकांनी एकदाही घड्याळाकडे बोट दाखवलं नाही, सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. बाकीची माफी सभागृहाकडे मागण्यासारखी नाही.

ताई, हे कार्ड अजून कपाटात लावलेलं नाही. चष्मा लावा आणि वाचा. पेन्सिल मी आणली आहे.