साबण लावलेला गज

साहेब, उद्घाटनात सूर चुकायला नको म्हणून तुम्ही चौघा वादकांना गजाला साबण फासायला लावलात आणि दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग वाजवलंत. त्यातला चेलोवाला परवा कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसला होता, आपल्याला वाजवायला शिकवलेल्या म्हाताऱ्या बाईंना घेऊन.

“पहिल्या रांगेत बसले होते रे, तरी तुझा हात ओळखू आला नाही. कान गेलेच माझे.”

“तसं नाही, बाई.”

“नाही कसं? गज धरायला मीच शिकवलं तुला. आता शिकवण्या बंद. बहिरीने पोरांचे सूर नासवायचे का?”

“बंद नका करू.”

“मग काय, तोंडं बघून सूर ओळखू?”

“बाई, त्या दिवशी गजाला राळ नव्हती.”

“विसरलास? राळेशिवाय तार बोलेल कशी?”

“नाही. साबण लावला होता. आवाज निघू नये म्हणून.”

“कुणी लावला?”

“मीच. साहेबांनी सांगितलं. नाहीतर पुढचे कार्यक्रम हातचे जातील म्हणाले.”

“आणि वाजत होतं ते?”

“रेकॉर्डिंग. दुसऱ्या कुणाचं तरी.”

नर्सने बाईंना आत बोलावलं. बाई उठल्या नाहीत.

“म्हणजे कान शाबूत आहेत माझे. आणि हे ठाऊक असून मला हाताला धरून इथवर आणलंस. का रे? बोल.”